विश्लेषण : मेट्रो दाराशी आली तरी लोक दुचाकीच का काढतात? प्रवासाच्या निवडीमागचे शास्त्र काय सांगते?

मुंबईची आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाली. पुण्यात २०२२ पासून आणि नागपुरात २०१९ पासून मेट्रो धावते आहे. मात्र गाडी वेगवान, गार आणि स्वच्छ असूनही अनेकजण सकाळी कामावर निघताना दुचाकीच बाहेर काढतात. ही निवड हट्टाची की हिशेबाची, यावर जगभरात गेली पन्नासहून अधिक वर्षे संशोधन सुरू आहे. त्या संशोधनाचे निष्कर्ष आणि राज्यातील शहरांसाठी त्याचा अर्थ, याविषयी...

प्रवासी नेमके काय निवडतो?

सरकारी आराखड्यांत प्रवास स्थानकापासून स्थानकापर्यंत मोजला जातो. प्रवासी मात्र घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंतचा विचार करतो. त्यात स्थानकापर्यंतची चाल, रस्ता ओलांडणे, सुरक्षा तपासणी, फलाटावर थांबणे, प्रत्यक्ष गाडीतला वेळ आणि उतरल्यावर पुन्हा रिक्षा किंवा बस शोधणे हे सगळे येते. दुचाकीत यातले बहुतेक टप्पे नसतात. घरासमोरून निघून थेट कार्यालयाच्या दारात उतरता येते. म्हणूनच भारतीय शहरांत मेट्रोची खरी स्पर्धा मोटारीपेक्षा दुचाकीशी जास्त आहे.

दिलेल्या पर्यायांतून माणूस स्वतःला सर्वांत सोयीचा वाटणारा पर्याय घेतो, हे या संशोधनाचे मूळ गृहीतक आहे. सोय म्हणजे फक्त पैसा किंवा फक्त वेळ नव्हे. वेळ, खर्च, श्रम, गर्दी, सुरक्षितता आणि खात्री या सगळ्यांची गोळाबेरीज त्यात असते. प्रत्येकाची गोळाबेरीज वेगळी असते. त्यामुळे शेजारच्या दोन घरांतली माणसे एकाच ठिकाणी वेगवेगळ्या साधनांनी जातात.

हे शास्त्र आले कुठून?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९७२ मध्ये ‘बार्ट’ ही नवी जलद रेल्वे सुरू झाली. कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के लोक ती वापरतील, असा अधिकृत अंदाज होता. त्याच सुमारास बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वे सुरू होण्यापूर्वी ७७१ नोकरदारांच्या रोजच्या प्रवासाची माहिती गोळा केली. कोण कशाने जातो, त्याला किती वेळ आणि किती पैसे लागतात, किती चालावे लागते, याची ती नोंद होती. त्यावरून प्रत्येक व्यक्ती नवी रेल्वे निवडण्याची शक्यता किती, हे त्यांनी काढले.

त्यांचा अंदाज ६.३ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षातला आकडा ६.२ टक्के आला. इतका नेमका अंदाज येण्यात नशिबाचाही भाग होता, असे मॅकफॅडन यांनी नंतर मान्य केले. पण पद्धत रूढ झाली. आधीची पद्धत एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या लोंढ्याचा एकगठ्ठा हिशेब मांडत असे. मॅकफॅडन यांची पद्धत एकेका माणसाच्या निवडीपासून सुरुवात करते. याच कामासाठी त्यांना २००० मध्ये जेम्स हेकमन यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आज जगभरातल्या वाहतूक आराखड्यांत प्रवासीसंख्येचे अंदाज काढताना याच घराण्यातली सूत्रे वापरली जातात.

दहा मिनिटे प्रत्येक वेळी सारखीच का वाटत नाहीत?

या संशोधनातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष वेळेबद्दल आहे. गाडीत बसून गेलेली दहा मिनिटे आणि थांब्यावर उभे राहून गेलेली दहा मिनिटे प्रवाशाला सारखी वाटत नाहीत. अनेक देशांतल्या अभ्यासांनुसार चालण्याचा आणि वाट पाहण्याचा वेळ गाडीतल्या वेळेच्या साधारण दीडपट ते दुप्पट जाचक वाटतो. गाडी बदलावी लागली की त्यात लागलेल्या वेळेखेरीज आणखी काही मिनिटांचा ‘दंड’ मनात जमा होतो. गर्दीत उभ्याने केलेला प्रवासही बसून केलेल्या प्रवासापेक्षा लांब वाटतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका नोकरदाराला दुचाकीने कार्यालयात जायला ४० मिनिटे लागतात. मेट्रोने जायचे तर १२ मिनिटे चालणे, ५ मिनिटे फलाटावर थांबणे, १६ मिनिटे गाडीत, उतरल्यावर ४ मिनिटे शेअर रिक्षाची वाट पाहणे आणि ८ मिनिटे रिक्षात, अशी एकूण ४५ मिनिटे होतात. घड्याळात फरक फक्त पाच मिनिटांचा. पण चालणे आणि थांबणे दुप्पट धरले आणि साधन बदलण्याचे सहा मिनिटे वाढवले, तर मेट्रोचा प्रवास त्याला ७२ मिनिटांचा वाटतो. फरक पाचवरून ३२ मिनिटांवर जातो.

आता गाडीचा वेग जराही न वाढवता स्थानकाला घराच्या बाजूने दुसरे प्रवेशद्वार दिले आणि चाल सहा मिनिटांवर आणली. फलाटावरची प्रतीक्षा तीन मिनिटे आणि रिक्षाची दोन मिनिटे केली. तोच प्रवास ५२ मिनिटांचा वाटू लागतो. उरलेला १२ मिनिटांचा फरक पेट्रोलचा खर्च, वाहतूक कोंडीचा वैताग आणि पार्किंगची शोधाशोध भरून काढू शकतात. बोगदे आणि खांबांवर हजारो कोटी खर्च होतात, पण प्रवासी टिकतो की जातो हे अनेकदा पदपथ, सावली आणि थांब्यावरच्या प्रतीक्षेवर ठरते, ते या गणितामुळे.

पैशाचा हिशेब लोक कसा करतात?

दुचाकी किंवा मोटार घेतल्यावर तिचा हप्ता, विमा आणि झीज हा खर्च होतच राहतो. रोज सकाळी निघताना तो कुणी मोजत नाही. मोजला जातो तो फक्त पेट्रोलचा खर्च. मेट्रो किंवा बसचे तिकीट मात्र प्रत्येक फेरीला खिशातून जाते. त्यामुळे घरात वाहन असलेल्या माणसाला सार्वजनिक वाहतूक आहे त्यापेक्षा महाग वाटते. घरातली दोन माणसे एकाच दुचाकीवरून जात असतील, तर दोन तिकिटांसमोर पेट्रोल आणखी स्वस्त ठरते. कार्यालयात किंवा रस्त्यावर पार्किंग फुकट मिळत असेल, तर पारडे पुरतेच झुकते.

भाडे कमी केले की प्रवासी वाढतात, हे मुंबईने दोनदा पाहिले. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले, तेव्हा बसगाड्यांमधली गर्दी झपाट्याने वाढली. मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलच्या एकेरी तिकिटाचे दर निम्म्यापर्यंत घटले, पाच किलोमीटरसाठी ६५ रुपयांऐवजी ३० रुपये झाले. रिकाम्या धावणाऱ्या त्या गाड्याही भरू लागल्या.

पण स्वस्त तिकीट पुरेसे नसते, हेही बेस्टच्या उदाहरणातून दिसते. पुढच्या काळात तिच्या स्वमालकीच्या बसगाड्या कमी होत गेल्या आणि थांब्यावरची प्रतीक्षा लांबली. मे २०२५ मध्ये किमान भाडे दहा रुपये झाले. तिकीट स्वस्त पण बस कधी येईल याचा भरवसा नाही, अशा वेळी ज्याला परवडते तो रिक्षाकडे वळतो. ज्याला परवडत नाही तो थांब्यावर उभा राहतो किंवा चालू लागतो.

मग तिकीट फुकटच केले तर?

एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथे जानेवारी २०१३ पासून शहरातील रहिवाशांसाठी सार्वजनिक वाहतूक मोफत झाली. वर्षभरानंतरच्या अभ्यासात तिचा वापर १४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. मात्र पूर्वी थोडे अंतर पायी जाणारे अनेकजण आता बसमध्ये चढत होते. मोटारींचा वापर अपेक्षेइतका घटला नाही.

प्रवासीसंख्या वाढणे आणि रस्त्यावरची वाहने कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे समजावण्यासाठी अभ्यासक लाल आणि निळ्या बसचे उदाहरण देतात. एका मार्गावर निम्मे लोक मोटारीने आणि निम्मे लाल बसने जात असतील आणि तिथे तशीच निळी बस सुरू केली, तर ती मोटारवाल्यांना फारशी खेचत नाही. लाल बसचे प्रवासी दोन बसमध्ये विभागले जातात. नवा पर्याय सर्वांत जास्त प्रवासी घेतो ते स्वतःसारख्याच जुन्या पर्यायाकडून. त्यामुळे नव्या मेट्रोतले प्रवासी मोटारीतून आले, दुचाकीवरून आले की बसमधून, हे विचारल्याशिवाय ती यशस्वी झाली की नाही ते सांगता येत नाही.

मोफत प्रवासाचे अन्य फायदे यामुळे खोटे ठरत नाहीत. दिल्लीत ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना बसप्रवास मोफत आहे. महाराष्ट्रात एसटीने मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत दिली. अशा योजनांचा हेतू कोंडी कमी करण्यापेक्षा घराबाहेर पडणे परवडावे हा असतो. त्यांचे मोजमापही त्याच कसोटीवर व्हायला हवे.

महिलांचे गणित वेगळे का असते?

पुरुषाचा रोजचा प्रवास बहुधा घर ते काम आणि काम ते घर असा सरळ असतो. अनेक महिलांच्या एका फेरीत मुलाची शाळा, काम, बाजार, औषधे असे टप्पे गुंफलेले असतात. प्रत्येक टप्प्याला नवे तिकीट काढावे लागले, तर त्यांचा प्रवास पुरुषाच्या प्रवासापेक्षा महाग पडतो. घरात दुचाकी एकच असेल तर ती बहुतेक वेळा पुरुषाकडे जाते.

त्याहून मोठा घटक सुरक्षिततेचा आहे. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या महाविद्यालय निवडीचा आणि त्यांच्या प्रवासमार्गांचा अभ्यास केला. जास्त सुरक्षित वाटणाऱ्या रस्त्यासाठी मुली दर्जाने वरच्या २० टक्क्यांतील महाविद्यालय सोडून खालच्या निम्म्या गटातील महाविद्यालय घ्यायला तयार होत्या. सुरक्षित मार्गासाठी त्या मुलांच्या तुलनेत वर्षाला सुमारे १८,८०० रुपये जास्त मोजायला तयार असल्याचेही दिसले. रस्त्यावर छेडछाड होईल या धास्तीची किंमत अशा रीतीने शिक्षणात आणि पुढे पगारात वसूल होते. स्थानकापासून घरापर्यंतचा अंधारा बोळ नकाशावर तीनशे मीटरचा असतो. रात्री नऊ वाजता घरी परतणाऱ्या मुलीसाठी तोच बोळ संपूर्ण मार्ग बाद करायला पुरेसा असतो.

सवयीचा वाटा किती?

माणूस रोज सकाळी नव्याने हिशेब मांडत नाही. एकदा ठरलेला मार्ग तो वर्षानुवर्षे चालवतो. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी दोन दिवस संप केला आणि काही स्थानके बंद पडली. प्रवाशांना नाइलाजाने दुसरे मार्ग शोधावे लागले. ऑयस्टर कार्डांच्या नोंदी तपासल्यावर संशोधकांना आढळले, की संप मिटल्यावरही सुमारे पाच टक्के प्रवासी नव्या मार्गावरच राहिले. म्हणजे तोवर त्यांना आपल्यासाठी सोयीचा मार्ग सापडलेलाच नव्हता. भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा जिथे प्रत्यक्ष अंतरांपासून जास्त फारकत घेतो, त्या भागातल्या प्रवाशांना या सक्तीच्या शोधाचा जास्त फायदा झाला.

सवय मोडायची संधी घर बदलले, नोकरी बदलली किंवा महाविद्यालय सुरू झाले की आपसूक येते. याच वेळी नवा पर्याय समोर आला तर तो स्वीकारला जाण्याची शक्यता जास्त असते. नव्या गृहसंकुलाजवळ आधी बस आली, तर काही कुटुंबे दुसरी दुचाकी घेणे पुढे ढकलतात. तीच बस पाच वर्षांनी आली, तर तोवर दुचाकी दारात आलेली असते आणि सवयही जडलेली असते.

मोटारींवर शुल्क लावल्याने काय होते?

स्वीडनच्या स्टॉकहोम शहराने जानेवारी ते जुलै २००६ या काळात शहराच्या मध्यभागी येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींवर प्रायोगिक शुल्क लावले. त्या हद्दीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. प्रयोग संपताच वाहने बहुतांशी परतली आणि ऑगस्ट २००७ मध्ये शुल्क कायम झाल्यावर पुन्हा कमी झाली. सुरुवातीला बहुसंख्य लोक विरोधात होते. प्रयोगाचा अनुभव घेतल्यावर सप्टेंबर २००६ च्या सार्वमतात शहराने थोड्या फरकाने बाजूने कौल दिला आणि पुढे पाठिंबा वाढत गेला.

भारतीय शहरांत अशा शुल्काची चर्चा अधूनमधून होते, पण त्याआधीची पायरी पार्किंगची आहे. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले, मात्र राजकीय विरोधामुळे त्याची अंमलबजावणी रखडली. स्टॉकहोममध्ये शुल्काआधी बससेवा वाढवली होती, हा तपशील इथे महत्त्वाचा आहे. पर्याय न देता शुल्क लावले, तर ज्याला परवडते तो पैसे भरून गाडी नेतो आणि बाकीचे अडकतात.

मेट्रोच्या प्रवासीसंख्येचे अंदाज का चुकतात?

देशातील बहुतेक मेट्रोंची प्रवासीसंख्या अपेक्षेपेक्षा कमी असल्याकडे संसदेच्या गृहनिर्माण व नगरविकास विषयक स्थायी समितीने २०२२ च्या अहवालात लक्ष वेधले. स्थानकापासून पुढच्या जोडसेवेचा अभाव हे त्यात नोंदवलेले एक कारण होते.

अंदाज चुकण्यामागे तीन गोष्टी वारंवार दिसतात. पहिली, सर्वेक्षणात ‘मेट्रो आली तर वापराल का?’ असे विचारले की बहुतेक लोक हो म्हणतात, कारण हो म्हणायला पैसे पडत नाहीत. त्यामुळे अभ्यासक लोक काय म्हणतात यापेक्षा प्रत्यक्षात काय करतात, याला जास्त वजन देतात. दुसरी, आराखड्यात गृहीत धरलेल्या जोडबस आणि पदपथ मेट्रोसोबत येतच नाहीत. तिसरी, प्रकल्प मंजूर होण्यासाठी आकडा मोठा असणे अनेकांना सोयीचे असते. आरे ते कफ परेड मार्गाचा खर्च ३७ हजार कोटींहून अधिक आहे. इतक्या मोठ्या गुंतवणुकीत अंदाज निम्म्याने चुकला, तर तूट अखेर करदात्याच्या माथी येते.

राज्यातील शहरांनी यातून काय घ्यावे?

धोरणांच्या कागदांत हे शहाणपण बरेच आधी आलेले आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यायला सांगितले. २०१७ च्या मेट्रो धोरणाने स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटर परिसरासाठी जोडसेवेची हमी राज्यांकडून मागितली. मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ अॅपने ११ परिवहन सेवांचे तिकीट एका ठिकाणी आणले. साधन बदलताना पुन्हा रांगेत उभे राहण्याचा जाच त्याने कमी होऊ शकतो. मात्र स्थानकाबाहेर बसच नसेल, तर अॅप ती आणू शकत नाही.

अडचण जबाबदारीच्या वाटणीत आहे. मेट्रो एका संस्थेची, बस दुसरीची, पदपथ महापालिकेचा, सिग्नल वाहतूक पोलिसांचा आणि रिक्षांचे परवाने परिवहन खात्याचे. प्रवाशाच्या हिशेबात हे सगळे एकाच फेरीत येते. त्यातला एक टप्पा तुटला की बाकीचे कितीही चांगले असले तरी तो दुचाकीची किल्ली उचलतो.

त्यामुळे नवा मार्ग सुरू करताना गाडीचा वेग आणि डब्यांची संख्या यांबरोबर आणखी काही आकडे जाहीर होणे गरजेचे आहे : घरापासून स्थानकापर्यंत सरासरी किती चालावे लागते, जोडबस किती मिनिटांनी येते, रात्री शेवटची बस कधी सुटते आणि वाटेत दिवे आहेत का. हे आकडे सुधारायला बोगद्याइतका पैसा लागत नाही. मेट्रोतली किती आसने भरतील, हे मात्र बऱ्याच अंशी त्यांच्यावरच अवलंबून आहे.